मलयवती काय म्हणाली?

"मग थांब म्हणायचंस ना," तो तिला म्हणाला.

"म्हटलं होतं की."

"हो, पण मला वाटलं, तू तसंच म्हणतेयस."

माझ्या मैत्रिणीने हा संवाद मला सांगितला तेव्हा आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात चहा उकळायची वाट बघत उभ्या होतो. भर मे महिन्यात तिने गळ्याभोवती ओढणी गुंडाळली होती. आवाज जरा घोगरा येत होता. दोघं वर्षभर एकत्र होते. थोडा जोर, थोडं दुखणं, एकाने हुकूम सोडायचा आणि दुसऱ्याने ऐकायचं, हा खेळ दोघांनाही आवडायचा. हे तिने जरा अडखळत, पण स्पष्ट सांगितलं. तिची तक्रार दुखण्याबद्दल नव्हती. गळ्याला हात लावायचं कधीच ठरलं नव्हतं आणि 'थांब' म्हटल्यावर तो थांबला नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"पण माझंच चुकलं का गं? आधी असल्या गोष्टींना हो मीच म्हटलं होतं ना."

"नाही चुकलं," मी लगेच म्हणाले. मात्र का नाही चुकलं, ते मला नीट सांगता येईना. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते; एखादी गोष्ट कळली नाही की ती पहिल्यांदा कुठे बिघडली ते शोधत मागे मागे जायची सवय आहे. तशी मागे गेले आणि थेट सातवाहनांच्या अंतःपुरात पोचले.

तीन अपघात

कामसूत्र म्हणजे आसनांचं पुस्तक, असा आपल्या पिढीचा समज. प्रत्यक्षात सात अधिकरणांच्या या ग्रंथात शय्येवरच्या गोष्टींना वाहिलेलं अधिकरण एकच, दुसरं. बाकीच्यात घर कसं लावावं, लग्न कसं जुळवावं, गणिकेने पैशाचे व्यवहार कसे करावेत असं बरंच काही आहे. त्या दुसऱ्या अधिकरणाचा सातवा अध्याय मात्र आपल्या कामाचा. त्याचा विषय आहे प्रहणन, म्हणजे प्रणयात मारलेले फटके, आणि ते बसल्यावर तोंडातून निघणारे आवाज.

वात्स्यायन साधारण तिसऱ्या शतकातला. रतिक्रीडा हे एक प्रकारचं भांडणच आहे, असं तो म्हणतो आणि मग शास्त्रकाराच्या थंडपणाने वर्गवारी करतो. फटका कुठे मारायचा: खांदे, डोकं, छातीचा मध्य, पाठ, कंबरेखालचा भाग, कुशी. कसा मारायचा: हाताच्या मागच्या बाजूने, बोटं जरा वाकवून, मुठीने, तळहाताने. हे चार प्रकार झाले. पुढे तो सांगतो की दक्षिणेकडचे लोक आणखी चार प्रकार करतात. त्यांची नावंच पाहा: कीला म्हणजे पाचर, कर्तरी म्हणजे कात्री, विद्धा म्हणजे भोसकणारी, संदंशिका म्हणजे चिमटा. हाताला त्या त्या अवजारासारखा आकार देऊन मारायचे हे फटके.

इथे वात्स्यायनाचा सूर बदलतो. हे प्रकार त्याला पसंत नाहीत. एका प्रदेशातली चाल दुसरीकडे उचलू नये, आणि जिथे चाल आहे तिथेसुद्धा जिवाशी येणारी गोष्ट टाळावी, असं तो बजावतो. मग पुरावा म्हणून तीन घटना एकेका ओळीत मांडतो.

चोल राजाने चित्रसेना नावाच्या गणिकेला कीलेने मारलं. ती मेली.

कुंतल देशाच्या शातकर्णी सातवाहनाने महादेवी मलयवतीला कर्तरीने मारलं. तीही मेली.

नरदेव नावाच्या सरदाराचा हात अधू होता. त्याने मारलेली विद्धा भलतीकडे लागली आणि एक नर्तकी एका डोळ्याने आंधळी झाली.

आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी एक टिपण लिहावं लागतं: कुणी काय केलं, काय मोडलं, कशामुळे मोडलं. वात्स्यायनाच्या या तीन ओळी मला तशा वाटल्या. कुणाला शाप दिलेला नाही, पापपुण्याची चर्चा नाही. राजाला काय शिक्षा झाली, तेही नाही. फक्त नोंद. आणि नोंदीखाली धडा. भरधाव सुटलेल्या घोड्याला वेगाच्या धुंदीत खड्डा दिसत नाही, खांब दिसत नाही. प्रणयाच्या भरातल्या माणसांचंही तसंच होतं. म्हणून शहाण्याने आपली ताकद किती, समोरच्या स्त्रीची सोसण्याची शक्ती किती, हे ओळखून वागावं. प्रत्येक गोष्ट प्रत्येकीसोबत आणि प्रत्येक वेळी करायची नसते.

तेराव्या शतकातला टीकाकार यशोधर मलयवतीच्या ओळीत एक तपशील भरतो. ती नुकतीच आजारातून उठली होती. अंगात ताकद आलेली नव्हती. मदनोत्सवासाठी ती नटली होती, तशी राजाने तिला पाहिली आणि त्याचं भान सुटलं. यशोधराला हे हजार वर्षांनी कुठून कळलं, हा प्रश्न आहेच. पण अपघाताचं कारण त्याने अचूक जागी शोधलं. फटका जुनाच असेल. त्या दिवशीचं शरीर वेगळं होतं आणि ते कुणी विचारलं नाही.

'पुरे' या शब्दाची अडचण

याच अध्यायात वात्स्यायन आवाजांची यादी देतो. पारव्यासारखा, कोकिळेसारखा, पोपटासारखा, भुंग्यासारखा, हंसासारखा. आवाजांच्या जोडीला अर्थ असलेले शब्दही आहेत. आईला मारलेली हाक. नको म्हणणारे शब्द. सोड म्हणणारे शब्द. पुरे म्हणणारे शब्द.

म्हणजे 'नको', 'सोड' आणि 'पुरे' हे त्याच्या मते पारव्याच्या घुमण्याच्याच रांगेतले. ते खेळाचे भाग आहेत. त्यांनी रंगत वाढते.

यात खोटं काही नाही. लुटुपुटीचा विरोध हा खेळ माणसं तेव्हाही खेळत होती, आजही खेळतात, आणि माझ्या मैत्रिणीसारख्या बायकाही तो आपल्या मर्जीने खेळतात. प्रश्न वेगळा आहे. लटकं 'पुरे' जर खेळात चालणार असेल, तर खरं 'पुरे' कोणत्या आवाजात म्हणायचं? एकाच शब्दाला दोन उलटे अर्थ दिले, तर ऐकणारा सोयीचा अर्थ घेतो. "मला वाटलं, तू तसंच म्हणतेयस." हे वाक्य त्या अध्यायातच दडलेलं आहे.

वात्स्यायन स्त्रीला अगदी मुकं ठेवतो असंही नाही. नवीन लग्न झालेल्या मुलीवर जबरदस्ती करू नये, आधी तिचा विश्वास मिळवावा, यासाठी त्याने अख्खा अध्याय खर्च केला आहे. नखं आणि दात यांच्या प्रकरणात तो म्हणतो, की पुरुषाने नको म्हटल्यावरही खूण उमटवली, तर तिने दुप्पट परत करावी. पण ही परतफेड झाली, थांबवणं नव्हे. घोड्याचा लगाम दोन्ही वेळा स्वाराच्याच हातात राहतो. अपघात टाळायचा तो त्याच्या शहाणपणाने, आणि त्याचं भान सुटतं हे तर ग्रंथच सांगतो.

राजशेखराच्या काव्यमीमांसेत, म्हणजे दहाव्या शतकाच्या सुमारास, एक ऐकीव गोष्ट येते. कुंतल देशात सातवाहन नावाचा राजा होता आणि त्याने अंतःपुरात फक्त प्राकृतच बोलायचं असा नियम केला होता. हा राजा आणि मलयवतीचा राजा एकच, असं म्हणता येत नाही. शातकर्णी हे नाव तर कितीतरी सातवाहनांचं होतं. तरी ती गोष्ट वाचल्यापासून एक विचार डोक्यातून जात नाही. मलयवती शेवटी काही म्हणाली असेल, तर ते प्राकृतात म्हणाली असेल. आपल्या मराठीच्या पणजीच्या भाषेत. आणि राजाला वाटलं असेल, ती तसंच म्हणतेय.

एक पंडित, दोन राण्या

सातवाहनांची एक राणी आपल्याला नाव, काम आणि मानासकट माहीत आहे. नाणेघाटात गेलेल्या प्रत्येकाने तिची ओळख ऐकलेली असते. कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरकडे चढणारी ती वाट, वरती जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण, आणि शेजारच्या लेण्यात भिंती भरून ब्राह्मी लिपी. राणी नागनिकेचा तो लेख. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दान दिले, सगळा हिशेब तिथे आहे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पायांचे अवशेष उरलेत, वर नावं आहेत, आणि त्यांत तिचंही नाव आहे.

या लेखावर आणि त्यातल्या अंकांवर एकोणिसाव्या शतकात मूलभूत काम केलं ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. जुनागढचा हा माणूस मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झाला. पुढे 1883 मध्ये कामसूत्राचं पहिलं इंग्रजी भाषांतर निघालं. नाव झालं रिचर्ड बर्टनचं. पण काशी, कलकत्ता आणि जयपूरहून हस्तलिखितं मिळवून, ती मुंबईच्या प्रतीशी ताडून पाठ तयार करणारे इंद्रजीच होते. शिवराम परशुराम भिडे त्यांच्या मदतीला होते आणि मुंबईत सरकारी नोकरीत असलेला आर्बथनॉट हे सगळं करवून घेत होता.

म्हणजे नागनिकेची अक्षरं वाचणारा आणि मलयवतीची ओळ जगापुढे आणणारा पंडित एकच. एक राणी स्वतःच्या लेखामुळे उरली, दुसरी आपल्या मरणामुळे. कामसूत्राचा काळ ठरवताना अभ्यासक मलयवतीच्या ओळीचा आधार घेतात: तीत सातवाहन राजाचा उल्लेख आहे, म्हणजे ग्रंथ त्याच्यानंतरचा. बिचारी तिथेही कालगणनेच्या कामी आली.

करार करणारा लेखक

वेदनेतून सुख घेणाऱ्यांना युरोपने नाव दिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने 1890 च्या सुमारास 'मॅसोकिझम' हा शब्द घडवला. तो लिओपोल्ड फॉन साखर-मासोख या हयात लेखकाच्या नावावरून. जिवंतपणी आपलं आडनाव आजाराला दिलेलं पाहणं त्या लेखकाला मुळीच रुचलं नाही.

या मासोखने 1869 च्या डिसेंबरात फॅनी पिस्टर नावाच्या लेखिकेशी लेखी करार केला होता. सहा महिने तो तिचा गुलाम. तिने शक्यतो फरचे कपडे घालायचे. पण कराराला अटीही होत्या. त्याच्या अब्रूला बट्टा लागेल असं तिने काही करायला सांगायचं नाही. लेखनासाठी त्याला रोज सहा तास मोकळे द्यायचे आणि त्याची पत्रं वाचायची नाहीत. मुदत ठरलेली, हद्दी ठरलेल्या, दोघांच्या सह्या. आज अशा नात्यातली माणसं आधी बसून जे बोलतात, त्याचा हा जुना नमुना म्हणता येईल.

गोष्टीचा दुसरा भाग मात्र लोक सहसा सांगत नाहीत. पुढे मासोखने लग्न केलं, बायकोला आपल्या कादंबरीतल्या नायिकेचं 'वांडा' हे नाव दिलं आणि तिच्या हातात चाबूक दिला. 1906 मध्ये वांडाच्या आठवणी छापल्या गेल्या. त्यांत ती लिहिते की हे सगळं तिला नको होतं. नवऱ्याच्या हट्टापायी, घर चालावं म्हणून तिने ते केलं. बाहेरून पाहणाऱ्याला ती मालकीण दिसत होती आणि तो गुलाम. 'नाही' म्हणायची सोय मात्र तिलाच नव्हती.

वांडाने मला एक गोष्ट शिकवली. चाबूक कुणाच्या हातात आहे, यावरून सत्ता कुणाची ते कळत नाही. कोण उठून जाऊ शकतं, हे विचारावं लागतं.

लाल, पिवळा, हिरवा

पुढचा टप्पा अमेरिकेत. 1971 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशा आवडीच्या लोकांच्या उघड संघटना निघाल्या. दुसरी, सामवा नावाची, फक्त लेस्बियन स्त्रियांची होती. स्त्रीवादी चळवळीत यावरून जोरदार भांडणं झाली. जिथे सगळा समाजच बायकांना सोसायला शिकवतो, तिथे बाईने मारून घ्यायला दिलेल्या संमतीला काय किंमत, असा एका बाजूचा सवाल होता. तो सवाल आजही निकालात निघालेला नाही आणि निघू नये. कारण त्या सवालामुळेच दुसऱ्या बाजूला संमती म्हणजे नेमकं काय, हे बारकाईने लिहून काढावं लागलं.

1983 मध्ये न्यूयॉर्कमधल्या समलिंगी पुरुषांच्या एका संघटनेच्या उद्देशपत्रात तीन शब्द आले: सुरक्षित, शहाणपणाचं, संमतीचं. ते लिहिण्यात डेव्हिड स्टाइन यांचा हात होता. आपण जे करतो ते आणि छळ यांच्यात लोकांना फरक कळावा, एवढाच त्यांचा हेतू. शब्द बॅनरवर गेले, टी-शर्टवर गेले. 1999 मध्ये गॅरी स्विच यांनी त्यातल्या 'सुरक्षित' शब्दावर हरकत घेतली. गिर्यारोहण कधी पूर्ण सुरक्षित असतं का? धोका कोणता, तो कळलाय का, कळून पत्करलाय का, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही हे लगेच पटेल. कड्यावर चढताना आपण 'काही होणार नाही' म्हणत नाही, दोर तपासतो.

हा दोर म्हणजे सेफवर्ड. कल्पना इतकी साधी की हसू येतं. 'नको', 'सोड', 'आई गं' हे शब्द खेळाला देऊन टाकायचे. थांबण्यासाठी असा शब्द घ्यायचा जो त्या वेळी एरवी कुणाच्या तोंडी येणारच नाही. बऱ्याच ठिकाणी सिग्नलचे रंग वापरतात: लाल म्हणजे तात्काळ बंद, पिवळा म्हणजे हळू, काहीतरी खुपतंय, हिरवा म्हणजे ठीक. बोलता येणार नसेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा. तो पडला की खेळ संपला. शब्द हुकूम सोडणाऱ्यालाही वापरता येतो, कारण नको होणं दोन्ही बाजूंना होऊ शकतं. शब्द उच्चारल्यावर का, कशाला, आणखी थोडंच, असली घासाघीस नाही.

वात्स्यायनाला न सुटलेलं कोडं इथे सुटतं. लगामाचं एक टोक घोड्याच्या तोंडातच दिलं जातं.

बाकीचे नियम या शब्दाभोवती वाढले. आधी बोलायचं: काय चालेल, काय अजिबात नाही, कोणती औषधं चालू आहेत, जुनं दुखणं कुठे आहे. मलयवतीचं आजारपण या प्रश्नातच पकडलं गेलं असतं. दारू पिऊन नाही. नवीन प्रयोग खेळ रंगात असताना सुचवायचा नाही, कारण तेव्हाचं 'हो' भरवशाचं नसतं. मूत्रपिंडं, पाठीचा कणा, मान यांपासून लांब राहायचं. आणि झाल्यावर उठून निघून जायचं नाही. पाणी, पांघरूण, जवळ बसणं, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारणं. वेदना सोसताना शरीर जी रसायनं सोडतं ती ओसरली की माणूस एकदम खचल्यासारखा होऊ शकतो, म्हणून ही नंतरची काळजी.

गळ्याचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण तिथे हा सगळा बंदोबस्त कोलमडतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. शब्द ठरलेला असूनही तो म्हणायला कुणी शुद्धीवर नसतं. रुग्णवाहिकेवर काम केलेले आणि या विषयावर पुस्तक लिहिलेले जे वाइजमन यांनी नव्वदच्या दशकातच स्पष्ट लिहिलं होतं, की हे बिनधोक करायची कोणतीही पद्धत त्यांना माहीत नाही. बाहेर खूण नसतानाही आत इजा झालेली असू शकते आणि तिचे परिणाम तासांनी, कधी दिवसांनी दिसतात. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, गरगरणं ही डॉक्टरकडे जायची लक्षणं आहेत.

हे मला त्या मे महिन्यात माहीत नव्हतं. तिचा घोगरा आवाज ऐकून मी चहात आलं जास्त घातलं.

कोर्टापुढे

1987 मध्ये मँचेस्टरच्या पोलिसांच्या हाती एक व्हिडिओ लागला. खून चाललाय असं वाटून त्यांनी मोठा तपास केला. निघाले ते संमतीने एकमेकांना वेदना देणारे प्रौढ समलिंगी पुरुष. कुणाला कायमची इजा नव्हती, कुणी इस्पितळात गेलेलं नव्हतं, थांबायचा शब्दही ठरलेला होता. तरी शिक्षा झाल्या आणि 1993 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी त्या कायम केल्या: अशा इजेला संमती हा बचाव नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही 1997 मध्ये हस्तक्षेप केला नाही. दरम्यान 1996 मध्ये, बायकोच्या सांगण्यावरून तिच्या अंगावर तापलेल्या सुरीने आपली आद्याक्षरं उमटवणारा नवरा मात्र ब्रिटनच्याच अपील न्यायालयातून सुटला. नवराबायकोचा खासगी मामला, गोंदण्यासारखाच. दोन निकाल शेजारी ठेवले की दिसतं, कोर्टाने इजेइतकीच माणसंही मोजली होती.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू ब्रिटनमधल्याच बायकांनी समोर आणली. बाई मरते, कोर्टात पुरुष सांगतो, 'तिला तसंच आवडायचं', आणि ते खोडून काढायला ती नसते. त्याविरुद्ध झालेल्या मोहिमेनंतर 2021 च्या घरगुती अत्याचार कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं, की लैंगिक सुखासाठी केलेल्या गंभीर इजेला संमती होती, हा बचाव चालणार नाही. गळा आवळणं हा त्याच कायद्याने वेगळा गुन्हा झाला.

वैद्यकशास्त्रही याच सुमारास रेषा आखत होतं. 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या पाचव्या सूचीने आवड आणि विकार वेगळे केले. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात संमतीने चालणारं हे वर्तन आजारांतून बाहेर पडलं. विकार म्हणून उरलं ते दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध दिलेल्या यातनेतलं सुख. रेषा वेदनेतून गेली नाही, मर्जीतून गेली.

आपल्याकडे? 1860 च्या दंडसंहितेचं कलम 87, आताच्या भारतीय न्याय संहितेत कलम 25. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत व्हावी असा हेतू नसेल, तशी शक्यताही माहीत नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. सोबत उदाहरण आहे करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं: खेळ इमानदारीने चालला असताना लागलं तर गुन्हा नाही. एका डोळ्याची दृष्टी जाणं किंवा जीव धोक्यात येणं हे गंभीर दुखापतीच्या व्याख्येत बसतं. म्हणजे वात्स्यायनाच्या तिन्ही अपघातांत तशी शक्यता मारणाऱ्याला माहीत असेल, तर ते या सवलतीबाहेरचे. भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नाही, हेही कायदा सांगतो. बलात्काराच्या कलमात तर 2013 पासून म्हटलंय, की संमती त्या विशिष्ट कृतीला हवी. एकाला दिलेलं 'हो' दुसऱ्याला लागू होत नाही.

आणि त्याच कलमात अपवाद आहे: अठरा वर्षांवरच्या स्वतःच्या बायकोशी नवऱ्याने ठेवलेला संबंध बलात्कार नाही. चित्रसेना गणिका होती, ती तिसरी नर्तकी होती. मलयवती महादेवी होती, लग्नाची. तिचं 'पुरे' आजही कायद्याच्या या ओळीपाशी अडखळतं.

उत्तर

तिचा प्रश्न होता, आधी हो म्हटलं म्हणून चूक माझी का. आता मला कारण देता येतं. ज्याला हो म्हटलं होतं ते हे नव्हतंच. आणि खेळ दोघांचा असेल तर थांबवायची सोय दोघांकडे हवी. ती न ठेवता खेळ चालू ठेवणाऱ्याने 'मला वाटलं' असं म्हणून भागत नाही. वाटण्यावर सोडलेल्या गोष्टीचं काय होतं, ते कुंतलच्या राजाच्या निमित्ताने लिहून ठेवलेलं आहे.

हे मी तिला नाणेघाटाच्या लेण्यात बसून सांगितलं, दोन पावसाळ्यांनंतर. ती त्या पायांच्या अवशेषांकडे बघत ऐकत होती. त्याला तिने तेव्हाच सोडलं होतं. गळा आम्ही उशिरा का होईना डॉक्टरांना दाखवला होता. सुदैवाने काही निघालं नाही. आता तिच्या आयुष्यात दुसरं कुणीतरी आहे, आणि आवडी काही बदललेल्या नाहीत.

"आम्ही शब्द ठरवलाय," ती म्हणाली. "इतका येडपट आहे की ठरवताना दोघं पाच मिनिटं हसत होतो."

"वापरलास कधी?"

"एकदा. पायात गोळा आला होता."

"मग?"

"मग काय? तो थांबला. पाय चोळून दिला."

शब्द कोणता, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.